छोट्या मशीन शॉपमध्ये कौशल्य मोजायचं कसं, कागदावर आणायचं कसं आणि त्यातून तास वाचवायचे कसे

भोसरी, चाकण, शिरोली, अंबड, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीत वीस-पंचवीस माणसांची, सहा-आठ सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनची, जॉब वर्क (दुसऱ्या कंपन्यांचे भाग बनवून देण्याचं काम) करणारी शेड दर गल्लीत सापडते. मशीन साधारण सारखीच, कंट्रोलर सारखेच, इन्सर्टही (टूलच्या टोकावरचे बदलता येणारे कापणारे तुकडे) त्याच चार-पाच कंपन्यांचे. तरी शेजारशेजारच्या दोन शेडमध्ये पाळीला निघणाऱ्या मालात मोठा फरक पडतो. मशीन कापत असताना दोन्हीकडे चिप (धातूचा कीस) सारखीच निघते. फरक पडतो तो मशीन थांबलेलं असतं त्या वेळेत. आणि ते का थांबलं याच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा उत्तर एकच मिळतं: ज्याला येतं तो इथे नव्हता, जो इथे होता त्याला येत नव्हतं.

पुढची पद्धत अशा शेडच्या मालकासाठी आणि सुपरवायझरसाठी आहे. उदाहरणं टर्निंग सेंटरची (सीएनसी लेथची) आहेत, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त तीच दिसतात. हिशेबातले आकडे नमुन्याचे आहेत, तिथे आपले घालायचे.

आधी दोन आठवडे नुसती नोंद

ट्रेनिंगवर एक रुपया खर्च करण्याआधी वेळ कुठे जातो ते बघा. प्रत्येक मशीनवर एक कागद आणि पेन्सिल ठेवा. मशीन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की कधी थांबलं, कधी सुरू झालं आणि का, एवढंच लिहायचं. कारणं सातच ठेवा: सेटिंग (नवीन जॉबसाठी मशीन तयार करणं), टूल किंवा इन्सर्ट बदल, माल नाही, तपासणीसाठी थांबलं, बिघाड, माणूस नाही, वीज. यादी वाढवली की लोक सरळ ‘इतर’ लिहून मोकळे होतात.

नोंद खरी आहे की पाळी संपताना एकदम भरली आहे, हे ओळखणं सोपं असतं. सगळे आकडे दहा, पंधरा आणि तीसच असतील तर कागद शेवटच्या पाच मिनिटांत भरला गेला आहे. अशा वेळी ओरडू नका. दोन तासांनी एकदा फेरी मारून कागदावर सही करा, दोन-तीन दिवसांत आकडे अकरा, सतरा, तेवीस असे यायला लागतात. आणि या कागदावरून कोणालाही बोलणी बसणार नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. एकदा कोणाला झापलंत की त्यानंतरची प्रत्येक नोंद तुम्हाला खूश करण्यासाठीच होईल.

मग पाळीचा हिशेब. आठ तासांतून जेवण-चहाची ३० मिनिटं वजा केली की ४५० मिनिटं उरतात. ११० मिनिटं मशीन थांबलं, म्हणजे चाललं ३४०. उपलब्धता झाली ७५.६ टक्के. सायकल टाइम अडीच मिनिटं आणि नग निघाले १२०, म्हणजे ३०० मिनिटांचं काम ३४० मिनिटांत झालं: वेग ८८.२ टक्के. त्यातले ११४ नग ओके, म्हणजे गुणवत्ता ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार साधारण ६३ टक्के येतो, यालाच ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता) म्हणतात. ताळा करायचा तर ओके नग गुणिले सायकल टाइम, भागिले ४५०. उत्तर तेच यायला हवं.

इथली नेहमीची चूक म्हणजे कोटेशनमधला सायकल टाइम घेणं. कोटेशनमध्ये थोडी हवा असतेच, मग वेग १०५ टक्के वगैरे दिसतो आणि सगळे खूश होतात. स्टॉपवॉच घेऊन दहा सायकल मोजा, त्यातही जॉब काढणं-लावणं धरा, आणि तोच आकडा वापरा.

दोन आठवड्यांनी सात कारणांची बेरीज करा. ज्या शेडमध्ये छोट्या लॉटचं काम जास्त, तिथे सेटिंग आणि तपासणीसाठी थांबणं ही दोन कारणं बहुधा वरच्या क्रमांकावर येतात. दोन्ही थेट कौशल्याशी बांधलेली आहेत. तुमच्याकडे ‘माल नाही’ पहिलं आलं तर मात्र पुढचं सगळं नंतर. आधी खरेदीकडे आणि पार्टीच्या (काम देणाऱ्या कंपनीच्या) शेड्यूलकडे बघा, ऑपरेटरला शिकवून रॉ मटेरियल वेळेवर येत नसतं.

कौशल्य तक्ता: मशीनचं नाव नको, कामाचं नाव हवं

बऱ्याच कारखान्यांत भिंतीवर कौशल्य तक्ता लावलेला असतो, कारण ऑडिटला लागतो. त्यात स्तंभ असतात ‘सीएनसी’, ‘व्हीएमसी’ (उभं मिलिंग मशीन), ‘ड्रिलिंग’. असा तक्ता निरुपयोगी आहे. ‘सीएनसी येतं’ म्हणजे नेमकं काय येतं? दार उघडून जॉब लावून सायकल स्टार्ट दाबणाऱ्यालाही येतं आणि कोऱ्या ड्रॉइंगवरून जॉब उभा करणाऱ्यालाही येतं.

स्तंभात काम लिहा. टर्निंगसाठी ही यादी पुरते: सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे, कापता येणारे मऊ जबडे) जॉबच्या मापाला बोअर करणं, टूल लावून जिऑमेट्री ऑफसेट (टूलच्या टोकाची जागा मशीनला सांगणारा आकडा) घेणं, वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेची भरपाई करणारा आकडा) देणं, इन्सर्ट कधी बदलायचा ते ओळखणं, मायक्रोमीटर आणि बोअर गेज वाचणं, ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि रनआउट (फिरताना जॉब किती डुलतो ते), समकेंद्रतेची चिन्हं समजणं, प्रोग्रॅममध्ये फीड-स्पीड (टूल सरकण्याचा आणि जॉब फिरण्याचा वेग) बदलणं, अख्खा जॉब शून्यापासून सेट करणं. आठ ते बारा स्तंभ बस.

पातळ्या चार. १ म्हणजे बघितलंय, २ म्हणजे कोणी शेजारी उभं असेल तर करतो, ३ म्हणजे एकटा, ठरलेल्या वेळेत, बरोबर करतो, ४ म्हणजे दुसऱ्याला शिकवून ३ वर आणू शकतो. पातळी सुपरवायझरच्या मतावर द्यायची नाही, करून दाखवल्यावर द्यायची. सेटिंगमध्ये ३ हवी असेल तर लागोपाठ तीन सेटिंग एकट्याने, ठरलेल्या वेळेत, आणि दुसऱ्या नगापर्यंत ओके. मायक्रोमीटरसाठी दहा नग घ्या, त्यांना आकडे द्या, मोजायला लावा. अर्ध्या तासाने क्रम बदलून तेच नग पुन्हा मोजायला लावा. ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे ०.०१ पर्यंत वाचता येणाऱ्या) मायक्रोमीटरवर त्याच माणसाची दोन वाचनं ०.०१ पेक्षा जास्त हुकली तर त्याची मोजण्याची पातळी २ धरा, मग तो पंधरा वर्षं जुना का असेना. या चाचणीत जुन्या माणसांची मोठी पंचाईत होते. बऱ्याच जणांना मायक्रोमीटर रॅचेटने (ठरलेल्या दाबाला आपोआप घसरणाऱ्या टोकाने) न पिळता थिंबलने (फिरवायच्या नळीने) दाबून धरायची सवय लागलेली असते.

तक्ता भरला की आडवा वाचू नका, उभा वाचा. प्रत्येक महत्त्वाच्या स्तंभात दर पाळीला ३ किंवा ४ पातळीची निदान दोन माणसं आहेत का? आणि पूर्ण शेडमध्ये ४ ची निदान एक? जिथे एकच नाव आहे तो स्तंभ लाल. कोकणातली माणसं गणपतीला, बिहार-यूपीची छठला आणि बाकीची लग्नसराईत एकदम जातात, हे दरवर्षी कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. तरी लाल स्तंभ दरवर्षी त्याच आठवड्यात नव्याने सापडतो.

लाल स्तंभाची खरी परीक्षा घ्यायची असेल तर कमी कामाचा एक दिवस निवडा, मुख्य सेटरला स्टोअरमध्ये टूल मोजायला बसवा आणि त्याला मशीनकडे यायला मनाई करा. दिवसभरात त्याला कोण, कशासाठी विचारायला गेलं ते तो लिहून ठेवेल. संध्याकाळची ती यादी हाच तुमचा ट्रेनिंग प्लॅन.

तक्ता पगाराशी जोडायचा का? जोडायचा, पण पहिले सहा महिने नाही. पहिल्याच दिवशी जोडला तर प्रत्येक चौकोनावर वाद होतो आणि चाचण्या ढिल्या पडतात. आधी चाचणी सगळ्यांना रास्त वाटू द्या, मग अमुक स्तंभात ३ झालं की महिन्याला अमुक रुपये असं लेखी जाहीर करा. ४ पातळीवाल्याला शिकवण्याचा वेगळा भत्ता द्यायलाच हवा, त्याचं कारण पुढे येतं.

डोक्यातलं कागदावर

पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत युद्धसामग्रीचं उत्पादन झपाट्याने वाढवायचं होतं, नवख्यांना झटपट शिकवायची गरज पडली आणि १९४० मध्ये ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. १९४५ मध्ये तो अमेरिकेत बंद झाला, युद्धानंतर जपानने उचलला आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी टिकवला. कामाची फोड करून लिहायचा त्यातला कागद आज तीन रकान्यांचा असतो: पायरी, खुबी, कारण.

पायरी म्हणजे काय करायचं. खुबी म्हणजे ते करताना ज्यावर जॉब बनतो किंवा बिघडतो ती गोष्ट. कारण म्हणजे तसं न केल्यास काय होतं. बहुतेक एसओपींमध्ये (कामाच्या लेखी पद्धतींमध्ये) पहिलाच रकाना असतो, म्हणून त्या कोणी वाचत नाही. सेटरची खरी कमाई दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात असते.

सॉफ्ट जॉ बोअरिंगचा कागद साधारण असा होतो (हायड्रॉलिक तीन-जॉ चक, म्हणजे तेलाच्या दाबाने जॉब पकडून फिरवणारा भाग; जॉब बाहेरून धरायचा):

पायरी १, दातरे साफ करणं. खुबी: मास्टर जॉ (चकवरचे कायमचे जॉ) आणि त्यांवर बसणारे सॉफ्ट जॉ दोन्हींचे दातरे ब्रशने साफ करून बोट फिरवून बघायचे. कारण: दातऱ्यात बारीक चिप राहिली तरी जॉ तिरका बसतो आणि रनआउट येतो.

पायरी २, जॉ लावणं. खुबी: जॉवरचा १-२-३ नंबर चकच्या नंबरशी जुळवायचा, तिन्ही जॉ सारख्याच दातऱ्यावर बसवायचे, टी-नट मास्टर जॉच्या बाहेर येता कामा नये, बोल्ट टॉर्क रेंचने चकच्या पुस्तकातल्या आकड्यावर आवळायचे. कारण: एक दातरा चुकला तर एका जॉचा जास्त माल कापला जातो आणि पकड विषम होते.

पायरी ३, बोअरिंग रिंग (कापताना जॉ दाबात ठेवणारं कडं) धरणं. खुबी: जॉबवर जॉ ज्या दिशेने दाबणार त्याच दिशेने रिंगवर दाबले गेले पाहिजेत, आणि जॉ स्ट्रोकच्या साधारण मध्यावर हवेत. कारण: चकमधली सगळी ढिलाई त्याच बाजूला निघून जायला हवी, नाहीतर बोअर गोल आणि जॉब वाकडा.

पायरी ४, प्रेशर. खुबी: जॉबला जे प्रेशर ठेवणार तेच बोअर करताना. कारण: प्रेशर बदललं की जॉ वेगळे वाकतात. पातळ भिंतीच्या जॉबला हे विसरलं तर चकमध्ये गोल असलेला नग बाहेर काढल्यावर तीन कोनी निघतो.

पायरी ५, बोअर करणं. खुबी: बोअर जॉबच्या पकडीच्या व्यासाइतकाच, आणि कोपऱ्यात छोटी खाच मारायची. कारण: बोअर लहान झाला तर जॉ फक्त कडांवर धरतो, मोठा झाला तर फक्त मध्यावर. खाच नसेल तर बर (कडेला राहिलेली धातूची खरखर) आणि चिप कोपऱ्यात अडकून जॉब फेसला टेकत नाही आणि लांबी बदलत राहते.

पायरी ६, तपासणं. खुबी: खरा जॉब धरून डायल (डुलणं मोजणारं घड्याळ) लावायचा, सोडून पुन्हा धरून दुसऱ्यांदा बघायचं. कारण: एकदा बरोबर येणं हा योगायोग असू शकतो.

असा कागद सेटरला ‘लिहून दे’ म्हणून मिळत नाही. त्याला स्वतःलाच माहीत नसतं की आपण बोट फिरवून बघतो. तेच काम तीनदा बघा, त्याच्या खांद्यावरून मोबाइलवर शूट करा आणि मग व्हिडिओ थांबवून विचारा: इथे का थांबलास? ऐकून काय कळलं? हे नसतं केलं तर काय झालं असतं? ‘कसं करतोस’ या प्रश्नाला ‘नेहमीसारखं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘इथे का थांबलास’ला खरं उत्तर मिळतं.

आता अडचणीची गोष्ट. सेटरला वाटतं, हे सगळं कागदावर गेलं की आपली गरज संपली. ही भीती खोटी म्हणता येत नाही, काही मालकांनी ती खरी करून दाखवलेली आहे. त्यामुळे कागदावर ‘तयार करणार’ म्हणून त्याचं नाव घाला, शिकवण्याचा भत्ता कागद सुरू करण्याआधी जाहीर करा, आणि सुटलेल्या वेळात त्याला काय मिळणार ते सांगा: नवीन जॉबचं डेव्हलपमेंट, प्रोग्रॅमिंग, फिक्स्चर (जॉब धरायची खास साधनं). रात्री अकराला येणारे फोन बंद होतील हेही सांगा, बऱ्याच जणांना पैशाइतकंच ते पटतं.

एक काम म्हणजे एक पान, जास्त नाही. शेडमध्ये जी भाषा चालते तीच वापरा. मराठी-हिंदी मिसळ असेल तर मिसळच, सोबत फोटो. लॅमिनेशन करू नका. लॅमिनेट केलेला कागद कोणी दुरुस्त करत नाही. पारदर्शक पाकिटात घाला, खाली तारीख लिहा.

सगळ्या कामांचे कागद करायला बसलात तर तीन महिने जातील आणि एकही वापरात येणार नाही. लाल स्तंभातली तीन कामं आणि सगळ्यात जास्त रिजेक्शन देणारी दोन, एवढी पाच पुरेत. आमच्या मते वेअर ऑफसेट त्यात असायलाच हवा, कारण तिथली एक चूक जवळपास प्रत्येक शेडमध्ये होते. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘इनपुट’ दाबलं की जुना आकडा पुसून नवा बसतो, ‘प्लस इनपुट’ दाबलं की जुन्यात मिळवला जातो. एक्समध्ये (व्यासाच्या ऑफसेटमध्ये) आधीच उणे ०.०६० आहे, व्यास ०.०२ ने अजून कमी करायचाय, नवीन ऑपरेटर उणे ०.०२ टाकून ‘इनपुट’ दाबतो. व्यास कमी व्हायच्या ऐवजी ०.०४ ने वाढतो. तो घाबरून पुन्हा तेच करतो.

मोजण्याच्या कागदावरही एक खुबी हवी: गरम नग मोजायचा नाही. स्टील दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ५० मिमी व्यासाचा नग खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर तो साधारण ०.०११५ मिमी मोठा दिसतो. टॉलरन्स ०.०२ असेल तर अर्ध्याहून जास्त टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्ली. ऑफसेट मग त्या खोट्या वाचनावर दिला जातो आणि दुपारी क्वालिटीत सगळे नग लहान निघतात.

शिकवायचं कसं

‘त्याच्याबरोबर उभा राहा, बघून शिक’ हे आपल्याकडचं सर्वमान्य ट्रेनिंग. त्यात पोरगा हात शिकतो, कारण शिकत नाही. जॉब बदलला की हात चुकतो.

त्याऐवजी कागद घेऊन चार टप्पे करा. आधी त्याला मोकळं करा आणि या कामाबद्दल काय माहीत आहे ते विचारा. मग स्वतः तीनदा करून दाखवा: पहिल्यांदा फक्त पायऱ्या बोलायच्या, दुसऱ्यांदा पायऱ्या आणि खुब्या, तिसऱ्यांदा कारणांसकट. तिन्ही एकदम सांगितलं तर डोक्यात काहीच राहत नाही. मग त्याला करायला लावा. पहिल्यांदा गप्प राहून करू द्या, चूक होताना लगेच थांबवा. नंतर त्यानेच पायऱ्या बोलत, मग खुब्या बोलत, मग कारणं सांगत. कारण सांगता आलं नाही तर हात कितीही सफाईदार असो, पातळी २ च. शेवटी एकटा सोडा, पण कोणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगा आणि पहिल्या दिवशी दर तासाला, दुसऱ्या दिवशी दोनदा, आठवड्यानंतर एकदा बघा.

एका बैठकीला अर्धा तास. त्यात न बसणारं काम तोडा: जॉ बसवणं वेगळं, बोअर करणं वेगळं. आणि डिस्पॅचच्या दिवशी शिकवू नका. गाडी दारात उभी असताना शिकवणाऱ्याचा हात आपोआप मशीनवर जातो, शिकणारा बघत राहतो.

सेटिंगचा वेळ: सुधारणा इथून सुरू करा

पाच कामं निदान दोघांना नीट येऊ लागली की सुधारणा सुचायला लागतात. आधी नाही. काम प्रत्येक जण वेगळ्या रीतीने करत असेल तर कशात सुधारणा झाली हेच कळत नाही.

सेटिंगचा वेळ कमी करण्याची रीत शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने मांडली. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझदात, त्याने प्रेसचं सेटिंग बघितलं. मशीन थांबवून कामगार एक हरवलेला बोल्ट शोधत फिरत होता. त्यातून त्याने कामं दोन गटांत वेगळी केली: मशीन थांबवूनच करावी लागतात ती, आणि मशीन चालू असताना करता येतात ती. १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसचं चार तासांचं सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं.

तीन मिनिटांच्या मागे लागू नका. आपल्या शेडमधलं एक सेटिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत शूट करा. आधीच्या लॉटचा शेवटचा ओके नग ते नवीन लॉटचा पहिला ओके नग, हा सेटिंगचा वेळ. साधारण असं दिसेल: ड्रॉइंग, प्रोग्रॅम, टूल शोधणं १८ मिनिटं, जॉ शोधून लावणं १४, बोअर करणं १२, टूल लावणं आणि ऑफसेट २१, प्रोग्रॅम लोड करून बघणं ६, पहिला नग ५, क्वालिटीची वाट, मोजणी, दुरुस्ती १९. एकूण ९५. यात चिप उडाली फक्त जॉ बोअरिंगला आणि पहिल्या नगाला.

आता काय हलवता येतं? शोधाशोध पूर्ण बाहेर जाते: आधीच्या लॉटचे शेवटचे तीस नग उरले की हेल्पर ट्रॉली भरतो. ट्रॉलीवर ड्रॉइंग, जॉ, होल्डरमध्ये बसवलेली टूल, इन्सर्टची डबी, गेज आणि पहिल्या नगाचा रिपोर्ट फॉर्म. जॉचा सेट प्रत्येक चालू जॉबला वेगळा ठेवून त्यावर पार्ट नंबर ठोकला की लावायला ८ मिनिटं आणि बोअरिंगला ४ पुरतात. बोअरिंग पूर्ण वगळू नका. तेच जॉ परत लावले तरी ते मायक्रॉनमध्ये त्याच जागी बसत नाहीत, हलका कट घ्यावाच लागतो. जी टूल बहुतेक जॉबना लागतात ती टरेटच्या (टूल धरणाऱ्या फिरत्या चाकाच्या) ठरलेल्या स्टेशनवर कायम ठेवली की २१ चे ९ होतात. प्रोग्रॅम २. पहिला नग ५ च राहतो. क्वालिटीला पंधरा मिनिटं आधी हाक मारली आणि मापं सेटरनेच मोजून इन्स्पेक्टरने फक्त पडताळली तर १९ चे ८. बेरीज ३६.

रोज एक सेटिंग आणि महिन्याला २५ दिवस धरले तर एका मशीनचे ५९ गुणिले २५ म्हणजे १,४७५ मिनिटं, जवळजवळ साडेचोवीस तास सुटतात. खर्च जास्तीचे जॉ, काही होल्डर आणि ट्रॉलीचा.

पण हे तास पैशात उतरतातच असं नाही. अडकणारं मशीन दुसरंच असेल, समजा ग्राइंडर, तर टर्निंगवर वाचवलेला तास म्हणजे ग्राइंडरपुढे वाढलेला ढीग. आधी ज्या मशीनपुढे माल साठतो त्यावर हे करा. आणि ज्या मशीनला जास्त काम नाही तिथे सुटलेला वेळ लॉट लहान करायला वापरा: महिन्याचा एक लॉट काढण्याऐवजी आठवड्याचा काढा. अडकलेलं भांडवल कमी होतं, आणि चूक झाली तर शंभर नगांवर थांबते, पाचशेवर जात नाही.

सूचना, आणि त्या तपासायच्या कशा

टोयोटाने सूचना योजना १९५१ मध्ये सुरू केली आणि ती अजून चालू आहे. आपल्याकडे सूचनापेटी साधारण दोन महिन्यांत मरते, कारण चिठ्ठीचं पुढे काय झालं ते टाकणाऱ्याला कळत नाही. पेटी नकोच. फळ्यावर चार रकाने करा: सूचना, कोणाची, उत्तर कधी, काय ठरलं. सात दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही म्हटलं तर कारण. बक्षीस छोटं आणि लगेच. वर्षातून एकदा मोठं बक्षीस दिलं की एक खूश आणि वीस नाराज.

विचारल्याशिवाय काय बदलायचं आणि काय नाही ही रेघ स्पष्ट आखा. रॅकची जागा, ट्रॉलीची मांडणी, साफसफाईची पद्धत, गेज ठेवायची जागा: ऑपरेटरने खुशाल बदलावं. स्पीड, फीड, इन्सर्टची ग्रेड, ऑपरेशनचा क्रम, फिक्स्चर, कूलंट: आधी चाचणी, मग मंजुरी. ऑटोमोबाइलचा माल असेल तर हा ४एम बदल आहे. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड यातलं काही बदललं की नोंद आणि पहिल्या नगांची जादा तपासणी लागते, आणि मंजूर झालेली प्रक्रिया बदलायची असेल तर पार्टीला आधी कळवावं लागतं. चांगली सुधारणा न कळवता केली आणि पुढे लाइनवर काही निघालं तर ती सुधारणाच तुमच्या अंगावर येते.

चाचणीत एका वेळी एकच बदल. जुन्या पद्धतीने ५० नग, नवीन पद्धतीने ५०, तेच मशीन, तोच मालाचा हीट नंबर (एकाच वितळीचा क्रमांक), शक्यतो तोच माणूस. आणि हिशेब शेवटपर्यंत न्या. टूलवाला म्हणतो नवीन ग्रेड चालवा, आयुष्य वाढेल. जुना इन्सर्ट ४०० रुपये, चार कोन, कोनाला १०० रुपये, १२० नग: नगाला ८३ पैसे. नवीन ५६० रुपये, कोनाला १४०, १७० नग: नगाला ८२ पैसे. आयुष्य साधारण ४२ टक्क्यांनी वाढलं, पैसा वाचला एक. कोन बदलायला चार मिनिटं लागत असतील तर हजार नगांमागे दहा मिनिटंही वाचत नाहीत. अशी ग्रेड फक्त आयुष्यासाठी घ्यायची नसते. तिच्यावर स्पीड वाढवून सायकल टाइम खाली येत असेल आणि ते मशीन अडकणारं असेल, तरच.

सगळ्यात स्वस्त सुधारणा चूक होऊच न देणाऱ्या असतात. पहिलं ऑपरेशन राहून गेलेला नग दुसऱ्या फिक्स्चरमध्ये बसतो का? बसत असेल तर पहिल्या ऑपरेशनच्या भोकात जाईल अशी एक पिन फिक्स्चरला लावा. भोक नसेल तर नग टेकणारच नाही. अशा एका पिनमुळे शंभर टक्के तपासणीला बसवलेला माणूस दुसऱ्या कामाला मोकळा होतो.

बाहेरून काय घेता येतं

केंद्र सरकारच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची लीन योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात चालू आहे. बेसिक, इंटरमिजिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तीन पातळ्या, आणि सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकारचा. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी. सल्लागार निवडताना एकच विचारा: आठवड्यातले किती तास शेडमध्ये उभे राहणार? केबिनमध्ये बसून प्रेझेंटेशन करणारा फुकटातही महाग पडतो.

शिकाऊ उमेदवार घेण्यासाठी १९६१ चा अप्रेंटिसेस ॲक्ट आहे. कंत्राटी धरून तीस किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार भरतं, चालू दर नोंदणी करतानाच पोर्टलवर बघून घ्या. आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडचा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी झाडू किंवा लोडिंग देऊ नका. मायक्रोमीटरची दहा नगांची चाचणी द्या आणि तक्त्यात त्याची ओळ उघडा. आधी मोजणं ३ वर, मग वेअर ऑफसेट, मग जॉ, सेटिंग सगळ्यात शेवटी. हाच क्रम उलटा केला, म्हणजे मोजता येण्याआधी मशीन हातात दिलं, तर तो नग काढायला लवकर शिकतो आणि खराब नग ओळखायला फार उशिरा.